अक्षराची साक्ष

१९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परत जात असता किल्डोनन कॅसल या आगबोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ हा ग्रंथ गुजरातीत अवघ्या दहा दिवसांत लिहून पुरा केला, आणि लिहिता लिहिता उजवा हात भरून आला तेव्हा लेखन न थांबवता लेखणी डाव्या हातात घेऊन सुमारे ४० पाने त्या हाताने लिहिली. विचारांचा ओघ तोच, निश्चय तोच, बोटही तीच. बदलला तो केवळ हात, आणि हाताबरोबर अक्षराचे वळण. मनुष्याचे शील, धैर्य, औदार्य, कपट हे सारे त्याच्या अक्षरात उमटते आणि जाणत्याला ते वाचता येते, अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी या ग्रंथकर्त्याचा स्वभाव कोणत्या पानावरून ठरवावा, उजव्या हाताच्या की डाव्या, याचे उत्तर त्यांनी अवश्य द्यावे.

हा प्रश्न आज उपस्थित करण्याचे कारण असे की, ही श्रद्धा आता घरगुती करमणुकीची बाब राहिलेली नाही. अक्षरावरून स्वभाव सांगण्याचे वर्ग शहरोशहरी भरतात, सहीची अखेर वर नेली म्हणजे उत्कर्ष होतो आणि सहीवर काट मारली गेली म्हणजे आयुष्यात अडथळे येतात असे गंभीरपणे शिकवले जाते, मुलीच्या वा मुलाच्या हस्ताक्षराचा नमुना मागवून सोयरिकीचा निर्णय करणारी कुटुंबे आढळतात, आणि उमेदवाराची नेमणूक करण्यापूर्वी त्याचे अक्षर तज्ज्ञाकडे पाठवणारे व्यवसायही आहेत. ज्या गोष्टीवरून कोणाची नोकरी जाते किंवा कोणाचे लग्न मोडते, ती गोष्ट खरी आहे की नाही याची चौकशी करणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. माझे मत मी प्रारंभीच सांगून टाकतो: अक्षर माणसाविषयी पुष्कळ सांगते, परंतु जे सांगते ते त्याच्या शिक्षणाविषयी, साधनांविषयी, व्यवसायाविषयी, वयाविषयी आणि प्रकृतीविषयी, त्याच्या शीलाविषयी ते काहीही सांगत नाही.

आपल्याकडे अक्षराचा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने झालेला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिलेला असून त्यात समर्थांनी बाळबोध अक्षर कसे घडवावे याचे जे विवेचन केले आहे, ते एखाद्या उत्तम कारागिराने आपल्या शागिर्दाला द्यावे इतके तपशिलाचे आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळी कुळकुळीत असावी, काने, मात्रा आणि वेलांट्या आपापल्या जागी नेमस्त असाव्यात, एका ओळीतील मात्रा वरच्या ओळीला भिडू नये, ओळींमधील अंतर कमीजास्त होऊ नये म्हणून पान आधी आखून घ्यावे, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या समाप्तीपर्यंत सारे लेखन एकाच टाकाने झाल्यासारखे दिसावे, असा त्यांचा आग्रह आहे. चौफेर जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकुराला धक्का लागत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी कामाला येत नाही. या संपूर्ण उपदेशात लिहिणाराने आपला स्वभाव अक्षरात प्रकट करावा असे कोठेही सुचवलेले नाही. उलट लिहिणाराने स्वतःच्या लहरी, थकवा आणि घाई बाजूला ठेवून वाचणाराची सोय पाहावी, आणि तो वाचणारा कदाचित आपणच पन्नास वर्षांनी असू याचेही भान ठेवावे, असा त्याचा आशय आहे. डोमगावच्या मठात जतन झालेली समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत प्रसिद्ध आहे. तिच्यावरून कल्याणस्वामी किती निष्ठेने आणि किती अभ्यासाने लिहीत ते कळते, पण ते रागीट होते की शांत, हे सांगण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

बाळबोध ही ग्रंथाची लिपी. दौलतीचा कारभार मात्र शतकानुशतके मोडीत चालला. बोरूने आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढावयाची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडीत जावयाचे, ही मोडीची रीत. शिवकालात बाळाजी आवजी चिटणिसांनी या लेखनाला जे वळण दिले त्याची कीर्ती अद्याप आहे, आणि पेशवाईत चिटणिशी, बिवलकरी अशा नावांनी निरनिराळी वळणे ओळखली जात. ही नावे कशाची आहेत याकडे लक्ष द्यावे. ती व्यक्तींच्या स्वभावांची नव्हेत. ती घराण्यांची आणि फडांची आहेत. चिटणिसाच्या फडावर उमेदवारी करणारा मुलगा वर्षानुवर्षे एकच कित्ता गिरवून जे वळण उचली, ते त्याच्या शेजारी बसलेल्या दहा कारकुनांचेही असे, आणि त्या दहांत कोणी प्रामाणिक असे, कोणी लाचखाऊ, कोणी शूर, कोणी भित्रा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडून गो. स. सरदेसाई यांनी ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांत ज्या मोठ्या माणसांच्या नावाची पत्रे आपण वाचतो, त्यांपैकी बहुसंख्य पत्रांचा मजकूर मुळात कारकुनांच्या हातचा. धन्याने दस्तुरखुद्द लिहिलेले असे ते पुष्कळदा अखेरचे दोन-चार शब्द. पराक्रम एकाचा आणि अक्षर दुसऱ्याचे, ही त्या काळची सर्वसाधारण स्थिती होती.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. गावच्या महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, कुलकर्णी लेखणीची, आणि अन्य वतनदार-बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्यारांची चित्रे काढीत. त्या कागदावर गावाचा न्याय ठरे, सीमेचे तंटे मिटत आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वतने शाबीत होत. साक्ष देणाराच्या शब्दाला किंमत होती, त्याच्या अक्षराला नव्हे. पुढच्या काळात मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसाबाहेर पत्रलेखक बसत असत आणि घरापासून दूर राहणारा मजूर त्यांच्याकडून खुशालीची पत्रे आणि मनीऑर्डरी लिहून घेई. पत्रातली काळजी त्या मजुराची, प्रेम त्याचे, आणि अक्षर मात्र दोन पैसे घेणाऱ्या एका परक्या माणसाचे. तरी गावी ते पत्र ऐकणाऱ्या आईला आपल्या मुलाचे मन त्यात बरोबर सापडत असे.

स्वभाववाचनाची ही विद्या आपल्याकडची नाही. इटलीतील बोलोन्याचे विद्वान कामिल्लो बाल्दी यांनी १६२२ मध्ये पत्रावरून लिहिणाराचा स्वभाव कसा ओळखावा यावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. पण तिला नाव आणि शास्त्राचे रूप दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील धर्मगुरू झां इपोलित मिशों यांनी, ‘ग्राफोलॉजी’ या नावाने. ओळ वर चढत असेल तर महत्त्वाकांक्षा, खाली उतरत असेल तर खिन्नता. अक्षर उजवीकडे कलले तर माणूस मायाळू, डावीकडे कलले तर आतल्या गाठीचा. रोमन टी या अक्षराची आडवी रेघ उंच असेल तर निश्चय मोठा, अशा प्रकारचे तिचे आडाखे. हे आडाखे मुळात रोमन लिपीच्या जोडून लिहिलेल्या अक्षरांवर बसवलेले असून आपल्याकडील शिक्षक ते जसेच्या तसे देवनागरीला लावतात, याचे मला फार आश्चर्य वाटते. देवनागरीत टी नाही आणि आयच्या डोक्यावरचा ठिपकाही नाही. आपली अक्षरे रेघेवर उभी राहत नाहीत, रेघेखाली लोंबतात. आणि मोडीत तर शिरोरेघ आधीच सरळ ओढलेली असल्यामुळे ओळ चढण्या-उतरण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. मग तीनशे वर्षांत मोडी लिहिणाऱ्यांपैकी कोणी महत्त्वाकांक्षी नव्हता आणि कोणी खिन्नही नव्हता, असे समजावयाचे काय?

परीक्षा घेतल्यावाचून कोणत्याही विद्येला खोटे म्हणू नये, हे खरे. परंतु या विद्येच्या परीक्षा झालेल्या आहेत, आणि त्या घेणारे लोक पूर्वग्रहाचे नव्हते. बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेद बिने यांनी १९०६ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यांना या विद्येविषयी आस्थाच होती. त्यांच्या प्रयोगांत तज्ज्ञांना काही बाबतींत निव्वळ अंदाजापेक्षा अधिक यश आले, तसेच ते चुकलेही पुष्कळ. १९८९ मध्ये इस्रायलमधील नेटर आणि बेन-शाखर या संशोधकांनी नोकरीच्या उमेदवारांवर झालेल्या १७ अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा असे दिसून आले की, अक्षर वाचणारे तज्ज्ञ आणि ती विद्या मुळीच न शिकलेली माणसे यांच्या भाकितांत तज्ज्ञांच्या बाजूने काहीच सरसपणा नव्हता. याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचाच आहे. उमेदवाराने स्वतःविषयी काही लिहिले असेल तर त्या मजकुरावरून वाचणाराला थोडा सुगावा लागे; परंतु सर्वांनी एकच तटस्थ मजकूर उतरून काढला असेल, तर ते सामर्थ्यही नाहीसे होई. म्हणजे तज्ज्ञ अक्षर वाचीत नव्हते, मजकूर वाचीत होते, आणि ते तर कोणताही शहाणा माणूस करतोच.

असे असूनही अक्षरावरून सांगितलेले भविष्य आपल्याला पटते, आणि ते पटणारी माणसे मूर्ख नसतात. १९४९ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याला तो सुचला एका रात्रीच्या क्लबात अक्षर वाचून स्वभाव सांगणाराशी गाठ पडल्यामुळे. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते सर्वांना एकच होते, आणि बहुतांशी फलज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेले होते. तरी विद्यार्थ्यांनी त्याला पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. तुम्ही वरून शांत दिसता पण आतून पुष्कळदा अस्वस्थ असता, तुमच्या अंगी असलेल्या गुणांना अद्याप पुरता वाव मिळालेला नाही, असे कोणी सांगितले तर ते कोणाला आपले वाटणार नाही? मनुष्याला आपल्याकडे कोणी लक्षपूर्वक पाहावे याची भूक असते, आणि त्या भुकेचा मी अनादर करीत नाही. परंतु तिच्यावर पोट भरणारी विद्या खरी मानण्याचे कारण त्यात नाही.

येथे एका विवेकाची नितांत आवश्यकता आहे. अमुक कागद अमुकाच्याच हातचा आहे की नाही, हा एक प्रश्न; आणि तो अमुक माणूस कसा आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न दस्तऐवजांच्या परीक्षकांचा असून १८७२ च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञाच्या मताला आणि अक्षराच्या परिचयाला न्यायालयात स्थान दिले होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही ते आहे. आपल्या इतिहाससंशोधकांनीही कागद, शाई, कालगणना आणि अक्षराचे वळण यांची तुलना करून वतनाच्या तंट्यांतील बनावट सनदा उघड्या पाडल्या, ग. ह. खरे यांनी ‘संशोधकाचा मित्र’ या ग्रंथात अशा साधनांचाच परिचय करून दिला. याच अनुभवाची एक बाजू स्वभाववाचकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे: बनावट कागद तयार करणाऱ्याचे अक्षर पुष्कळदा सुंदर, सुरेख आणि संयमित असते, कारण त्यावाचून त्याचा धंदाच चालत नाही.

पण हा पहिला प्रश्नही किती जपून हाताळला पाहिजे याचे भयंकर उदाहरण फ्रान्सने जगापुढे ठेवले आहे. १८९४ मध्ये कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यू या ज्यू अधिकाऱ्यावर, जर्मन वकिलातीत सापडलेल्या एका निनावी यादीवरून, राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. यादीचे अक्षर त्याच्या अक्षरासारखे आहे असे काहींचे म्हणणे, नाही असे काहींचे. पोलिसांत अंगमापनाची पद्धती सुरू करणारे आल्फोंस बेर्तियों हे अक्षराचे तज्ज्ञ नव्हते, तथापि त्यांचे मत घेण्यात आले. आणि त्यांनी असा सिद्धांत मांडला की, जेथे साम्य आहे तेथे अक्षर द्रेफ्यूचे आहेच, आणि जेथे भेद आहे तेथे आपल्यावर संशय येऊ नये म्हणून त्याने मुद्दाम आपल्याच अक्षराची विकृत नक्कल केली आहे. साम्यही पुरावा आणि भेदही पुरावा, अशा युक्तिवादापुढे निरपराध माणसाला सुटकेची वाट उरत नाही. द्रेफ्यूला सैतानाच्या बेटावर डांबण्यात आले. यादी एस्तेर्हाझी या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हातची होती हे कालांतराने उघड झाले, आणि द्रेफ्यू पूर्ण निर्दोष ठरला तो १९०६ मध्ये. ज्यांनी त्याला दोषी ठरवले त्यांनी आधी माणसाविषयी मत बनवले होते आणि नंतर त्याचे अक्षर वाचले होते. स्वभाववाचनाची रीत याहून निराळी असते असे मला वाटत नाही.

माझ्या एका आत्याला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, मुलांच्या पाटीवरून. तिची पत्रे अजून माझ्यापाशी आहेत. अक्षरे मोठमोठी आणि कापरी, शिरोरेघ कोठे आहे कोठे नाही, ओळी पानाच्या अखेरीस खाली घसरलेल्या, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. ग्राफोलॉजीच्या कोणत्याही पुस्तकाप्रमाणे हे अक्षर खिन्न, भित्र्या आणि अस्थिर मनाचे ठरेल. आणि ही बाई अशी होती की, अकाली वैधव्य आल्यावर तिने भाऊबंदांच्या दाव्यात जमीन राखली, कर्ज फेडले, चार मुले शिकवली, आणि तलाठ्यापासून मामलेदारापर्यंत कोणासमोर तिचा आवाज कधी खाली आला नाही. तिच्या अक्षरात जे दिसते ते तिचे मन नव्हे. मुलींच्या हातात पाटी देण्याची ज्या समाजाला लाज वाटत होती, त्या समाजाचा अपराध त्यात दिसतो. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तिच्यानंतरही किती पिढ्यांतील स्त्रिया, किती जातींतील पुरुष उशिरा, चोरून, घोटण्यासाठी कित्ता न मिळता लिहावयास शिकले! वळणदार अक्षर हे पुष्कळ अंशी फुरसतीचे, पाठीवर हात ठेवणाऱ्या गुरूचे आणि पिढीजात लेखणीचे फळ आहे. त्याला सद्‌गुणाचे लक्षण मानणे म्हणजे ज्यांना ते फळ मिळाले नाही त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.

शरीराची साक्ष मात्र अक्षर देते. कंपवाताच्या रोग्याचे अक्षर ओळीच्या अखेरीस बारीक होत जाते आणि वैद्य त्याकडे लक्ष देतात. वार्धक्य, दृष्टिमांद्य, हाताची दुखापत यांच्या खुणा कागदावर उतरतात. काही मुलांची बुद्धी तल्लख असूनही लेखनाची क्रिया त्यांच्या हाताला साधत नाही. ही मुले आळशी नसतात, आणि महाराष्ट्रातील शालान्त परीक्षा मंडळाने अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ व लेखनिक यांची सवलत दिली आहे, हे योग्यच झाले. परंतु ज्यांच्यापाशी तसे प्रमाणपत्र नाही, ज्यांच्या आईबापांना ते कोठे मिळते हेही ठाऊक नाही, अशा मुलांपैकी एखाद्याची उत्तरपत्रिका परीक्षकाच्या हाती पडते तेव्हा काय होते? सुवाच्य उत्तराला अधिक आणि त्याच उत्तराच्या गचाळ प्रतीला कमी गुण पडतात, हे परदेशांतील अभ्यासांनी पुनःपुन्हा दाखवले आहे, आणि पेपर तपासणारा कोणताही शिक्षक ते खाजगीत मान्य करील. गचाळ अक्षर पाहताच मुलगा बेफिकीर असल्याची समजूत मनात उभी राहते, आणि पुढची सर्व उत्तरे त्या समजुतीतून वाचली जातात.

मी सुंदर अक्षराचा विरोधक नाही. त्याचा मला अत्यंत लोभ आहे. आत्मचरित्रात गांधीजींनी आपल्या वाईट अक्षराविषयी खेद व्यक्त केला आहे, दक्षिण आफ्रिकेतील वकिलांचे सुंदर अक्षर पाहून आपल्याला लाज वाटली असे सांगितले आहे, आणि मुलांना लेखनाआधी चित्रकला शिकवावी असेही सुचवले आहे. परंतु वाईट अक्षराला त्यांनी अपुऱ्या शिक्षणाचे चिन्ह म्हटले, अपुऱ्या शीलाचे नव्हे. आणि एवढा कठोर आत्मपरीक्षक हा भेद पाळतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. अक्षराचा नीतीशी संबंध येतो तो केवळ एका ठिकाणी, ज्याला वाचावयाचे आहे त्याच्या गरजेच्या ठिकाणी. औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचे अक्षर वाचता येत नसेल तर त्यात रोग्याच्या जिवाला धोका आहे. म्हणूनच भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला. तेथेही प्रश्न डॉक्टरच्या स्वभावाचा नसून त्याच्या कर्तव्याचा आहे, आणि कर्तव्य शिकता येते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. उमेदवाराचे अक्षर त्याच्या लायकीचा निकष म्हणून तपासण्याची रीत मालकांनी सोडून द्यावी, आणि वधूवरांच्या आईबापांनी पत्राचा नमुना तज्ज्ञाकडे पाठवण्याऐवजी पत्रात काय लिहिले आहे ते लक्ष देऊन वाचावे. परीक्षा मंडळांनी परीक्षकांच्या सूचनापत्रकात असे स्पष्ट नमूद करावे की, वाचता येणाऱ्या उत्तराचे गुण अक्षराच्या रूपावरून कमी होऊ नयेत, आणि वाचता न येणारे उत्तर परीक्षकाने एकट्याने निकालात न काढता दुसऱ्या परीक्षकाला दाखवावे. आणि शाळांनी प्राथमिक वर्गांत हस्ताक्षराचा तास पुन्हा आठवड्याच्या वेळापत्रकात आणावा, त्यासाठी चांगले शिक्षक नेमावेत, डावखुऱ्या मुलांना त्यांच्या हाताने लिहू द्यावे, आणि आखलेले पान, सोडलेला समास, मोकळी अक्षरे यांचे महत्त्व वाचणाराच्या सोयीसाठी म्हणून समजावून सांगावे. त्या तासाला गुण ठेवू नयेत आणि कोणाची वही दुसऱ्या कोणाला लाजवण्यासाठी वर्गात फिरवू नये.